‘फादर अभ्यासाला गेलेत’

फोन आला तेव्हा मी ओटीवर बसून अळूची पानं निवडत होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. पलीकडून पीटर बोलत होता. पीटर म्हणजे वालीवच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा झारखंडचा माणूस. माझ्या धाकट्या भावाच्या, फादर इग्नेशियसच्या चॅपेलची किल्ली त्याच्याकडे असायची. ‘‘टीचर, फादर गेले,’’ तो म्हणाला. ‘‘मिस्सा झाली, खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि...’’ अशा वेळी बहीण काय विचारते? कसे गेले, त्रास झाला का, जवळ कोण होतं. मी काय विचारलं ते लिहायला हात धजत नाही, पण तेच लिहायला बसले आहे. मी विचारलं, ‘‘पीटर, त्याच्या तोंडाला वास येत होता का?’’ मग तो म्हणाला, ‘‘टीचर, आप आ जाओ बस.’’

काल त्याची महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, झाली. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका लिहून दिला आहे आणि तेच खरं आहे. तरी दफनाच्या दिवशी आमच्या वसईतल्या गावच्या चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर कुजबुज चाललीच होती, ‘‘लिव्हरच असणार गं, दुसरं काय!’’ मी मागे वळून असं बघितलं की दोघींच्या जपमाळा आपोआप सुरू झाल्या. चौतीस वर्षं शाळेत काढली आहेत, नुसत्या बघण्याने वर्ग गप्प करता येतो मला. पण त्या बायकांवर डोळे वटारायचा मला काय अधिकार होता? त्यांनी दफनाच्या दिवशी विचारलं. मी तर बातमी आल्या क्षणी विचारलं होतं.

घरी तो इनास. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आमचं घर वाडीतलं, केळी आणि भाजीपाल्यावर चालणारं. वडील लवकर गेले, आयने दोघांना वाढवलं. इनास काही देवमाणसासारखा नव्हता हो. गणितात कच्चा, अंधाराला भिणारा, आणि कोणी ‘घे रे’ म्हटलं की नाही म्हणता न येणारा. हा शेवटचा दोष मला तेव्हा गुण वाटायचा. बारावी झाल्यावर एक दिवस तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘बाय, मी फादर व्हायला सेमिनरीत जातोय. मला बोलावणं आलंय.’’ मी पेपर तपासत होते. मान वर न करता विचारलं, ‘‘कोणाचं? त्याला दुसरं कोणी मिळालं नाही का?’’ तो म्हणाला, ‘‘मीपण तेच विचारलं त्याला. अजून उत्तर आलेलं नाही.’’ मी पोट धरून हसले. आय मात्र हसली नाही, ती न्हाणीघरात जाऊन रडली, आणि ते आनंदाचं रडणं होतं.

त्याच्या गुरुदीक्षेच्या दिवशी आयने त्याच्या तेल लावलेल्या तळहातांचं चुंबन घेतलं, आणि त्या दिवसापासून पोटच्या पोराला ती ‘फादर’ म्हणू लागली. ‘फादर, या. फादर, बसा. फादर, मासळी चालेल ना?’ आमच्याकडे जुन्या बायकांची ही रीतच. मला ते काही जमलं नाही. मी चारचौघांत ‘फादर’ म्हणायचे आणि घरात इनास.

आता आमच्या लोकांविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती न सांगता पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे लग्न असो, स्नानसंस्कार असो, चर्चचा सण असो, पाहुण्याच्या हातात ग्लास देणं हा मान असतो. आणि फादर म्हणजे पहिला पाहुणा. ‘फादर, आमच्या पोराच्या नावाने एक घोट.’ नाही म्हटलं की घरचा माणूस खट्टू होतो. ज्याला नाही म्हणता येत नाही अशा माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून, मोठ्या प्रेमाने, दर रविवारी एकेक ग्लास दिला. मग तो जेवणानंतर घ्यायला लागला, मग जेवणाआधी, मग जेवणच सुटलं. एका रविवारी त्याच्या चर्चच्या धर्मग्रामात मुलांचा पहिला कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, होता. पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुली मेणबत्त्या घेऊन दारात उभ्या, आणि फादर वेदीच्या पायरीवर अडखळून पडले. मोठ्या फादरांनी मला फोन केला, ‘‘टीचर, घरी घेऊन जा.’’ मी रिक्षातून आणलं त्याला, पदर नाकाला लावून. घरी आय तांब्या घेऊन उभी होती. तिने त्याच्या तोंडावरची ओकारी पुसली आणि म्हणाली, ‘‘फादर, तोंड धुवा.’’ त्याही अवस्थेत त्याला तिने ‘अहो’च केलं. मला इतका संताप आला की मी ओरडले, ‘‘इनास, ऊठ! लाज कशी वाटत नाही तुला?’’ तो डोळे न उघडता म्हणाला, ‘‘वाटते ना, बाय. तीच तर सकाळी सकाळी सहन होत नाही.’’

बिशपांनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. गावात लोक विचारू लागले, फादर दिसत नाहीत? आयने उत्तर तयार ठेवलं होतं, ‘‘फादर अभ्यासाला गेलेत.’’ मीही तेच सांगायचे. शिक्षिका ना मी, माझ्या तोंडी ते अधिक खरं वाटायचं. कुठे? पुण्याकडे. कसला अभ्यास? बायबलचा, मोठा कोर्स आहे. तो परत आला, आठ महिन्यांत घसरला, पुन्हा अभ्यासाला गेला. दुसऱ्या अभ्यासात असतानाच आय गेली. शेवटच्या आठवड्यात तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, ‘‘फादरचं नाव राख, रेजिना. गावात खाली पडू देऊ नको.’’ मी हो म्हटलं. मरणाऱ्या आईला दिलेला शब्द म्हणजे काय साधी गोष्ट असते का? मला वाटायचं, देव त्याच्या बाजूने बघेल ते बघेल, पण माझ्या अंगावरचं काम हे आहे.

तिसऱ्या वेळी मात्र दारू सुटली. कशी सुटली ते त्यालाही सांगता यायचं नाही. पण सुटलेल्या माणसाला रोज मिस्सा करायची असते, आणि मिस्सा म्हटलं की फादरने चषकातला द्राक्षारस पिणं आलं. मला हे कधी सुचलंच नव्हतं. ज्या एका घोटाने सगळं पुन्हा सुरू होऊ शकतं, तो घोट फादरच्या समोर रोज सकाळी वेदीवर ठेवलेला! बिशपांनी त्याला लेखी परवानगी दिली, दारूचा अंश नसल्यासारखा द्राक्षाचा रस वापरायची. मुस्तुम म्हणतात त्याला. दिसायला तसाच, वासाला मात्र नुसता गोडसर. तो रस इनास औषधाच्या एका जुन्या तपकिरी बाटलीत भरून जिथे जाईल तिथे बरोबर न्यायचा.

त्याची नेमणूक वालीवला झाली. चॅपेल म्हणजे कारखान्यांच्या मधला एक गाळा, वर पत्रा, शेजारी प्लास्टिकच्या बादल्यांचं मशीन दिवसभर धडधडतंय. लोक झारखंडचे, केरळचे, तमिळ, थोडे आपले. त्या गाळ्याच्या मागच्या खोलीत त्याने दर गुरुवारी संध्याकाळी दारू सोडू बघणाऱ्यांची बैठक सुरू केली. मी म्हटलं, ‘‘तुझं तुला सांभाळेना, आणि ह्यांचं काय सांभाळणार?’’ तो म्हणाला, ‘‘बाय, चांगल्या फादरकडे हे लोक गेलेच नसते. बोलावणाऱ्याने मला बघूनच बोलावलं असेल ना? त्याला काय वास येत नाही?’’ मी दर रविवारी त्याला भेटायला जायचे, आणि गेल्या गेल्या उगाच जवळ जाऊन त्याची कॉलर नीट करायचे. त्याला माझा डाव पहिल्याच दिवशी कळला होता. तो तोंड उघडून माझ्या नाकावर ‘हा...’ करायचा आणि विचारायचा, ‘‘काय टीचर, पास?’’ अकरा वर्षं तो पास होत होता, आणि अकरा वर्षांत माझा एकही रविवार नाक न लावता गेला नाही.

मग त्याच्या गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव आला. गावाने ठरवलं, आपल्या फादरची मिस्सा आपल्याच चर्चमध्ये. मंडप, बँड, पाचशे माणसांचं जेवण. सकाळी त्याने ती तपकिरी बाटली माझ्या हातात दिली. ‘‘बाय, ही जुजेकाकांना दे. आणि का ते नीट सांग.’’ जुजेकाका म्हणजे आमच्या चर्चची सॅक्रिस्टी, वेदीमागची सामानाची खोली, सांभाळणारे, कोळीवाड्यातले, ऐंशीच्या घरातले. चषक, वस्त्रं, द्राक्षारस सगळं त्यांच्या हाती. नीट सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आमचा फादर दारुडा आहे, असं? आयने झाकलेलं मी उघडं करू, तेही रौप्यमहोत्सवाच्या दिवशी? मी त्यांना म्हटलं, ‘‘काका, फादरचा घसा बसलाय, हा औषधी रस आहे. मिस्साला हाच भरा.’’ म्हातारा नुसता ‘बरं’ म्हणाला. त्याच्या मनात काय आलं ते मला नंतर कळलं. ‘‘टीचर, आपल्या गावच्या फादरचा येवडा मोठा सन, आनि त्याला औसदाच्या बाटलीतला फुळकवनी रस कोन देनार?’’ बिशप येतात तेव्हा काढायची ठेवणीतली बाटली त्यांनी प्रेमाने फोडली आणि सुरई काठोकाठ भरली.

अर्पणाच्या वेळी घरची माणसं भाकर आणि द्राक्षारस मिरवत वेदीपर्यंत नेतात. द्राक्षारसाची काचेची छोटी सुरई माझ्याकडे होती. चर्चच्या मोठ्या दारापासून आम्ही निघालो, कोयर गात होता, दोन्ही बाजूंनी सगळं गाव वळून बघत होतं. मी आयची जुनी सोन्याची माळ घातली होती. दहा-बारा पावलं गेले असेन... आणि सुरईच्या सैल झाकणाखालून मला वास आला. ते काय होतं हे मला कोणी सांगायला नको होतं. वर्षानुवर्षं ज्या नाकाने भावाची कॉलर हुंगली त्या नाकाला तो वास झोपेतही कळला असता. थांबता आलं असतं. मागे फिरून जुजेकाकांना म्हणता आलं असतं, ही नको, ती आणा. पण मग पाचशे माणसं विचारणार, काय झालं? टीचर का परतल्या? वेदीजवळ जाऊन त्याच्या कानात सांगावं, तर त्याच्या कॉलरला माईक लावलेला. आणि आयचा शब्द... ह्या सगळ्या सबबी मी आज मांडते आहे. त्या वेळी एवढंच झालं की माझ्या एका बाजूला भावाचा जीव होता आणि दुसऱ्या बाजूला गावातलं नाव, आणि मी चालत राहिले. वेदीपाशी गेले, सुरई त्याच्या हातात दिली आणि बाकावर येऊन बसले.

तो सुरई घेऊन उभा राहिला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग झाकण काढलं, सुरई नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. गाणं संपलं. पुढची प्रार्थना सुरू व्हायला हवी होती, ती होईना. शेजारी आठ धर्मगुरू उभे, ते एकमेकांकडे बघायला लागले. त्याने तीच ओतली असती तर कोणाला कळलं असतं? एकट्या मला. त्याचा हात एकदा सुरईकडे गेला आणि मागे आला, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. मी मनात म्हणत होते, घेऊन टाक रे, एकदाच, आणि त्याच दमात म्हणत होते, देवा, त्याला घेऊ देऊ नको. मग तो माईकमध्ये बोलला, आवाज अगदी साधा, दुकानात मीठ मागावं तसा.

‘‘जुजेकाका, कपाटात माझी तपकिरी बाटली आहे, ती आणता का? हा द्राक्षारस मला चालत नाही. मी दारुडा आहे. अकरा वर्षं घेतलेली नाही, पण आज इथे एक घोट घेतला तर उद्या कुठे थांबेन ते मला ठाऊक नाही. फादर अभ्यासाला गेलेत, असं तुम्हाला सांगायचे ना... तो हाच अभ्यास. अजून चालू आहे.’’

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. जुजेकाका बाटली घेऊन आले. मिस्सा पुढे झाली, मला त्यातला एक शब्द आठवत नाही.

जेवणाच्या मंडपात मी बसलेच नाही. सॅक्रिस्टीच्या मागे त्याला गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. ‘‘खुणेने सांगता आलं नसतं? हळूच माणूस पाठवता आला नसता? आयचं नाव घालवलंस सगळ्या गावासमोर!’’ त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘बाय, पंचवीस वर्षं आपण सगळे खुणाच करत आलो.’’ तिकडे जुजेकाका भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते, ‘‘माज्या हातून झालं, फादर, माज्या हातून झालं.’’ आणि मी काय केलं? मी तो दोष त्यांच्याच माथी राहू दिला. गावही तेच समजून बसलं. हे पेपरात छापून येईल, पण जुजेकाका पेपर वाचत नाहीत. त्यांच्या सुनेने हे एवढं तरी त्यांना वाचून दाखवावं. काका, चूक तुमची नव्हती. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही ती बाटली डोक्यावर घेऊन उभे राहिला असता.

पाच महिने मी वालीवला गेले नाही. मग तोच स्कूटर घेऊन यायला लागला, मी दार उघडायचे, जेवायला वाढायचे, पण त्या दिवसाचा विषय दोघांनीही काढला नाही. मरायच्या अकरा दिवस आधी आला होता. बोंबलाचं कालवण केलं होतं. जेवता जेवता मध्येच थांबून त्याने विचारलं, ‘‘बाय, तुला काही सांगायचंय का मला?’’ अगदी सहज. माझ्या घशापर्यंत आलं होतं. चौतीस वर्षं पोरांकडून खरं वदवून घेणारी मी... मी म्हटलं, ‘‘भात घे अजून.’’ त्याने भात घेतला. जाताना दारात ‘हा...’ करायचा, तेही त्या दिवशी त्याने केलं नाही.

तो गेल्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारी मी त्याच्या वस्तू आणायला वालीवला गेले. चार शर्ट, बायबल, चष्मा. संध्याकाळचे सहा वाजले होते, शेजारचं मशीन बंद होत होतं, आणि मागच्या खोलीत माणसं जमायला लागली होती. पीटरने खुर्ची पुढे केली. ‘‘बैठिए टीचर, मीटिंग है.’’ मी म्हटलं, मी काय पिते का? तर चांदीपची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती, ती म्हणाली, ‘‘मी पन नाय पीत. तरी बसते. पिनाऱ्याच्या घरचे पन आजारीच असतात, फादर सांगायचे.’’ बसले. एकेक जण उभा राहून नाव सांगत होता, किती दिवस झाले ते सांगत होता, कोणी रडत होता. माझी पाळी आली. मी उभी राहिले, वर्गात राहते तशी ताठ, आणि मला माझाच आवाज ओळखू येईना. ‘‘मी रेजिना. फादरची बहीण. त्या दिवशी सुरईत काय आहे ते मला वाटेतच कळलं होतं. तरी मी ती त्याच्या हातात दिली. गावाला भिऊन दिली. तो जाईपर्यंत त्याला सांगितलं नाही.’’

कोणी दचकलं नाही. पीटर म्हणाला, ‘‘टीचर, वो तो हम सबको मालूम है.’’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो उठून माझ्याजवळ आला. ‘‘जो भी नया आदमी आता था, फादर उसको वही बात बताते थे. बोलते थे, उस दिन मुझे जुकाम था, नाक आधी बंद, दूर से मुझे कुछ पता नहीं चलता. सीधा डाल देता कप में. पर मेरी दीदी नीचे देखते हुए आई. मेरी दीदी जिंदगी में कभी नीचे देखके नहीं चली, सबके आँख में आँख डालती है. इसलिए मैंने ढक्कन खोलके, नाक एकदम पास ले जाके, जोर से सूंघा. बोलते थे, मुझे मेरी दीदी ने बचाया, और उसको मालूम भी नहीं.’’

मी खाली बसले. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. बोंबलाचं कालवण पुढे ठेवून तो विचारत होता तेव्हाही ठाऊक होतं. तो माझी चोरी पकडायला विचारत नव्हता. मी एक वाक्य बोलले असते, तर तो मला हेच सांगणार होता... आणि मी त्याला भात वाढला. मी त्या खोलीत, परक्या माणसांसमोर, मोठ्याने रडले. त्यांनी मला रडू दिलं, आणि थोड्या वेळाने पुढचा माणूस उभा राहून आपलं नाव सांगू लागला, कारण त्यालाही घरी जायचं होतं.

बैठक संपल्यावर चांदीपच्या बाईने चहा आणला. आधणात साखर इतकी की चमचा उभा राहावा. फादरनी घालून दिलेलं प्रमाण आहे म्हणे. दारू सुटली की जिभेला गोड हवं असतं, तेवढं तरी पोटभर द्यावं माणसाला. मला मधुमेह आहे. मी कप दोन्ही हातांत धरला आणि तळापर्यंत प्यायले.